स्वामी सरांचे कान

स्वामी सरांना कान हलवता यायचे. एखाद्या माणसाबद्दल लिहायला बसलं की आधी त्याचं गाव, शिक्षण, नोकरी असं ओळीनं लिहावं म्हणतात. पण मला सर आठवले की आधी कानच आठवतात, त्याला मी तरी काय करू? मोठाले, पुढं आलेले, सुपासारखे कान. चेहरा एकदम गंभीर, डोळे स्थिर, कपाळावर विभूतीच्या तीन पट्ट्या, आणि कान मात्र गाय माशी उडवताना हलवते तसे मागं-पुढं, मागं-पुढं. लेकरू कितीही आकांत करून रडत असो, ते कान बघितले की तोंड उघडं ठेवूनच गप्प व्हायचं.

रेणापूरला आमचं किराणा दुकान. मी शिकले चौथीपर्यंत. पुढचं जे काही वाचन झालं ते पुड्या बांधायच्या रद्दीतून. कागद वाचून झाल्याशिवाय त्यात साखर घालायची नाही ही माझी सवय, त्यामुळं गिऱ्हाईक ताटकळायचं आणि आमचे हे चिडायचे. दुकानावर दोन खोल्या आहेत. देगलूरहून एक सायन्सचे सर नोकरी लागून आलेत, खोली बघून राहिलेत, असं कुणीतरी सांगितलं आणि गुरुलिंग स्वामी आमच्या जिन्यानं वर चढले. ते रिटायर झाले तेव्हाच सामान घेऊन खाली उतरले. बायको देगलूरलाच राहायची, सासूची आणि शेताची काळजी घ्यायला. चार दिवसांची सुट्टी लागली की सर तिकडं पळायचे आणि येताना मला तिकडच्या तिखट मिरच्या आणायचे.

आता स्वामी म्हणजे जंगम. आम्हा लिंगायतांच्या घरात लेकरू जन्मलं की त्याला लिंग बांधायला जंगम लागतो, लग्नाला लागतो, घरभरणीला लागतो, आणि माणूस गेलं तर मातीलाही जंगमच लागतो. सोमवारी जंगमाला घरी बोलवायचं, पाय धुवायचे, पहिलं ताट त्याचं. तर सर साडेदहा ते पाच शाळेत सायन्स शिकवायचे आणि बाकीच्या वेळात गावातल्या निम्म्या घरांचे जंगम होते. रहीमभाई टेलर त्यांचे शर्ट मुद्दाम दोन खिशांचे शिवायचे. डाव्या खिशात विभूतीचा गड्डा, उजव्या खिशात खडू. रस्त्यात कुणी वाकून "शरणार्थ" म्हणालं की डावा हात खिशात जायचा आणि त्याच्या कपाळाला विभूती लागायची. कुणी "नमस्ते सर" म्हणालं की उजवा हात खडू चाचपायचा आणि ते पोरगं आडवाटेनं पळायचं, कारण सर भर रस्त्यात भिंतीवर गणित घालायचे.

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. एसटी येईना, भाकरी करपली, सून रुसली, पोरगं नापास झालं, काहीही असो, सर म्हणायचे, "थांबा की. घाई कशाला? माणूस व्हायला लई वर्सं लागलीत." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे अध्यात्मातलं काहीतरी असेल, चौऱ्याऐंशी लक्ष योनी वगैरे. माझ्या सासूबाईंनाही तसंच वाटायचं, त्या हात जोडायच्या. पुढं कळलं की सर सायन्समधलं सांगत होते. पण सासूबाईंनी हात खाली घेतले नाहीत. म्हणाल्या, बोलणं खरं आहे ना, मग कुठल्याही पुस्तकातलं असंना का.

या सासूबाई गेल्या तेव्हाची गोष्ट सांगते. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, मांडी घालून बसवून पुरतात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगितलं. सगळं सरांनीच केलं. मंत्र म्हणताना त्यांचा आवाज असा खर्जात जायचा की रडणारी बाईसुद्धा थांबून ऐकायची. परत येताना मी डोळे पुसत होते, तर सर शेजारून चालता चालता हळूच म्हणाले, "अक्का, आपल्या लोकांचा जीवाश्म लई झ्याक होणार बगा."

मी म्हटलं, जीवाश्म म्हणजे काय? तर म्हणाले, जमिनीत राहून राहून दगड झालेलं जुनं हाड. शहाणी माणसं ते खणून काढतात आणि त्यावरून मागचं सगळं ओळखतात.

"लाखो वर्सांनी कुणीतरी खणील. बाकीच्या लोकांची हाडं आडवी गावतील. आपण मात्र मांडी घालून. तो लिहून ठेवील, ही जमात मरेस्तोवर पंगतीत वाढायची वाट बघत बसली होती."

सासूची माती करून येणारी बाई मी, आणि पदर तोंडात कोंबून हसत होते. मागून येणाऱ्या बायांना वाटलं, अक्काला हुंदका आवरेना. माझा हात धरून सगळ्या मोठ्यानं रडायला लागल्या.

तर कान. शाळेत पाचवीला पोरं आली की पहिल्याच आठवड्यात विचारायची, सर, हे कसं जमतं? सरांचं उत्तर एकच. "दहावीत सांगतो." सहावीत विचारलं तरी दहावीत, आठवीत विचारलं तरी दहावीत. एका बापानं पोराला नववीतून काढून शेतात घालायचं ठरवलं, तर पोरगं अडून बसलं की कान कळल्याशिवाय शाळा सोडणार नाही. गावात हसण्यावारी गेलं, पण त्या पोराची दहावी झाली. मीसुद्धा एकदा विचारून बघितलं. सर जिन्यावर थांबले आणि म्हणाले, "अक्का, तुमी दहावी करा, मग तुमालाबी सांगतो." मी म्हटलं, तुमचं भाडं वाढवते. तर म्हणाले वाढवा, पण सांगायचं ते दहावीतच.

आता मोठी गोष्ट. ती एका शर्टामुळं झाली.

सरांचा मुलगा पुण्याला नोकरीला. त्यानं दिवाळीला वडलांना रेडिमेड शर्ट पाठवला, भारी, आकाशी रंगाचा. त्याला खिसा एकच. पुण्यात कुणाला दोन खिसे लागत नसतील. सर हौसेनं तो घालून सुट्टीनंतर शाळेत गेले. विभूतीचा गड्डा आणि खडू, दोन्ही एकाच खिशात. दहावीच्या वर्गात त्या दिवशी नवा धडा होता, आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा. सर शिकवायला लागले की त्यांचं हाताकडं लक्ष नसायचं. बोलता बोलता त्यांनी फळ्यावर चित्र काढलं, चार पायांवरचं, मग जरा उठलेलं, मग वाकलेलं, मग ताठ. वर्ग बघत होता. पहिल्या बाकावर गौरी बसलेली. ती महालिंगअप्पांची नात. अप्पा म्हणजे कापडाचे मोठे व्यापारी आणि शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. गौरीचं नाक लई तिखट. तिला वाटलं, फळ्याला देवघराचा वास का येतोय? मग तिनं सरांच्या बोटातला पांढरा गड्डा बघितला.

पोरगी सरळ होती. तिनं घरी जाऊन गंमत म्हणून सांगितलं की आज सरांनी विभूतीनं माकड काढलं.

झालं. संध्याकाळपर्यंत गावभर. उत्क्रांती काय, ते कुणाला कळत नव्हतं आणि कुणाचं त्याच्याशी भांडणही नव्हतं. इतकी वर्षं धडा शिकवला जात होता, कुणी विचारलं नव्हतं. पण विभूतीनं माकड? आणि जंगमाच्या हातानं? मग लोकांनी धडा उघडून बघितला. मोबाईलवर कुणीतरी पाठवलं की दुसऱ्या बोर्डानं हे सगळं पुस्तकातून काढूनच टाकलंय, आपल्याच पोरांना कशाला? कुणी म्हणालं, आपण शिवाची लेकरं, हे माकडाची म्हणून राहिलेत. आमच्या दुकानात तर लोक साखर न्यायला येईनात, भांडायलाच यायला लागले. मी सगळ्यांना शेंगदाणे दिले, तोंड चालू राहिलं की आवाज कमी होतो.

सरांनी मात्र चूक लगेच कबूल केली. मठात जाऊन सगळ्यांसमोर हात जोडले, विभूतीचा अवमान झाला, माझं लक्ष नव्हतं, क्षमा करा. एवढ्यावर मिटलं असतं. पण दोन दिवसांनी अप्पा आमच्या दुकानात आले, पोत्यावर बसले आणि सरांना खाली बोलावलं. अप्पा वाईट माणूस नव्हे. गावातल्या किती पोरींच्या लग्नाचं कापड त्यांनी असंच दिलेलं. पण एकदा बोलले की बोलले. वयानं सरांपेक्षा मोठे, तरी आधी वाकून सरांच्या पायाला हात लावला, कारण जंगम. मग ताठ झाले, कारण अध्यक्ष.

म्हणाले, "स्वामी, विभूतीचं सोडा, ती चूक झाली. पण तो धडा पोरांना घरी वाचू द्या. तुमी फळ्यावर घेऊ नका. ज्या तोंडानं आमच्या लेकराच्या कानात मंत्र सांगता त्या तोंडानं तुझा आजा माकड म्हणायचं, हे जमायचं न्हाई. एक धरा. शाळेत ते माकड असलं तर आमच्या घरात तुमी नसाल."

 सरांनी दोन्ही हात पुढं केले. "सकाळी डाव्या हातावर लिंग घेतो, अप्पा. दुपारी उजव्या हातात खडू घेतो. दोन्ही हात एकाच माणसाला हायत. कोणता काढून ठेवू?"

अप्पा उठले. जाताना पुन्हा पाया पडले. ते बघून मला हसू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही.

हेडमास्तरांनी मधला मार्ग काढला की सर, तूर्त पुढचे धडे घ्या, हा अर्धा राहू द्या, वातावरण निवळलं की बघू. सर म्हणाले, राहू द्या, पण सोडला असं म्हणू नका. त्या एका वाक्यावरून घरांनी सरांना बोलवणं बंद केलं. सोमवार आला, बोलावणं नाही. लग्नाच्या तिथी लागल्या, लातूरहून दुसरे जंगम मोटरसायकलवर यायला लागले. सरांचा पगार चालू होता, पोटाचा प्रश्न नव्हता. पण सोमवारी सकाळी माणूस अंघोळ करून, विभूती लावून, धोतर नेसून बसायचा, आणि जिन्यावर कुणाचं पाऊल वाजायचं नाही. मी आपलं ताट वर पाठवायची. आमचा मुलगा म्हणायचा, आई, गिऱ्हाईक तुटेल. मी म्हटलं, मीठ-मिरची आणायला लोक लातूरला जाणार आहेत का? तर नाही गेले. सर ताट रिकामं करून खाली आणून द्यायचे आणि म्हणायचे, "फिकीर नका करू अक्का. उत्क्रांतीत उपासमारीचा लई मोठा वाटा हाय."

पण एक दिवस मी वर गेले तर सर खिडकीपाशी बसून दोरा वळत होते. लिंग गळ्यात घालायला असतो तो दोरा. ते स्वतः वळायचे, विकतचा घ्यायचे नाहीत. मी विचारलं, कुणासाठी? तर म्हणाले, अप्पांच्या नातवासाठी. गौरीला भाऊ झाला होता, दिवाळीच्या आधीच. त्या घरात गौरीच्या बापाला लग्नात, गौरीला जन्मल्यावर, सगळ्यांना सरांनीच लिंग बांधलं होतं. आता शिवरात्रीच्या सुमारास या लेकराचं होतं.

मी म्हटलं, ते तर लातूरचे बोलावणार म्हणतात.

"बोलावू द्या की. दोरा तर करून ठेवतो." आणि दोऱ्याला पीळ देत म्हणाले, "एवढं एक लेकरू हातनं सुटलं, तर मग काय जंगम अन् काय सर, अक्का."

तिकडं गौरीनं घरात वेगळंच भांडण काढलं होतं. तिला शिव माहीत, माकड माहीत, तिची तक्रार दोघांबद्दल नव्हती. पाचवीपासून ती कानांची वाट बघत होती. आता दहावी आली, कान आले, आणि आजोबांनी धडाच थांबवला. वर बोर्डाची परीक्षा तोंडावर. ती अप्पांना म्हणायची, प्रश्न आला तर तुम्ही येऊन लिहिणार का? अप्पा म्हणायचे, घरी वाच. ती म्हणायची, पुस्तकाला कान हलवता येतात का?

अशात हुरड्याचे दिवस आले आणि हेळवी आला.

हेळवी म्हणजे घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ ठेवणारा माणूस. बैलावर बसून कर्नाटकातून येतो, ठरलेल्या घरांपुढं थांबतो आणि तुमचा बाप, आजा, पणजा, खापरपणजा असं गाण्यासारखं म्हणत जातो. नवं लेकरू झालं असलं की त्याचं नाव शेवटी जोडतो. आमच्याकडं येणारा म्हातारा बैल बांधायला आमच्या मागच्या अंगणात यायचा. मोठ्या घरांत पहिलं घर अप्पांचं. अप्पांनी सतरंजी टाकली, शेजारच्या बायांना बोलावलं, मीही गेले. हेळवी बसला, पाणी प्याला, इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "जंगम कुठाय?"

अप्पांनी त्याच्यापुढं गुळाची वाटी सरकवली.

त्याचा नेम असा की जंगम समोर बसल्याशिवाय वंश म्हणायचा नाही. त्याच्या बापाचा, आजाचाही तोच. अप्पा म्हणाले, आज नाहीत, तू म्हण. हेळवी म्हणाला, "इल्ला, न्हाई. थांबतो की." आणि त्यानं पाय पसरून पान जमवायला घेतलं. लातूरच्या जंगमांना फोन केला, ते उदगीरला लग्नात. नव्या नातवाचं नाव वंशात जोडून घ्यायचं, पाव्हणे जमलेले, गूळ-शेंगदाणे वाटून झालेले. अप्पांनी भिंतीकडं बघितलं, छताकडं बघितलं, शेवटी माझ्याकडं बघितलं. "वैनी, स्वामींना सांगावा धाडा."

सर आले. तोच तो आकाशी रंगाचा शर्ट घालून, पण विभूती तेवढी खिशात ठेवून खडू घरी ठेवलेला. कुणाकडं न बघता पाटावर बसले. अप्पांनी पाय धुतले. हेळव्यानं डोळे मिटले आणि सुरू केलं. मध्येच तो म्हणाला की अमुक अमुक हा गाढवावर मीठ घालून घाट चढला आणि या गावात उतरला. तेव्हा अप्पांची मान जरा वर झाली. ही त्यांची आवडती गोष्ट. शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगायचे, आमचा पूर्वज गाढवावर मीठ वाहायचा, आणि आज बघा.

सर तोपर्यंत गप्प होते. पण शिकवणाऱ्या माणसाला किती वेळ गप्प बसवणार? त्यांनी हळूच विचारलं, "त्या मीठवाल्याच्या मागं कोण?"

हेळव्यानं सांगितलं.

"त्याच्या मागं?"

तेही सांगितलं. असं आणखी दोन-तीन पिढ्या झालं. मग हेळवी थांबला, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "त्याच्या मागं शिव."

"एकदम? मधी कुणीच न्हाई?"

"मधी लई हायत, स्वामी. आमच्या आज्याला ठावं नव्हते, म्हणून मी म्हणत न्हाई. ठावं न्हाईत म्हणून नव्हतेच, असं कसं म्हणू?"

सरांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "बगा अप्पा," ते म्हणाले. "मी शाळेत ह्येच शिकवतो. मधले लई हायत."

अप्पा म्हणाले, "तुमी तेवढंच शिकवत न्हाई. तुमी त्या मधल्यात माकड बसवता."

सर म्हणाले, माकड आजा नव्हे, माकड चुलतभाऊ. दोघांच्या मागं एकच कुणीतरी जुना, तो ना माकड ना माणूस. मग जरा पुढं सरकून म्हणाले, "मीठवाल्याची तुमाला लाज वाटत न्हाई ना, अप्पा? स्टेजवर छाती काढून सांगता, तिथून इथवर आलाव म्हणून. मग त्याच्या अजून मागं गेलं तर कशाची लाज?"

अप्पांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "मीठवाला गाढव हाकायचा, स्वामी. गाढव नव्हता."

सगळं घर हसलं. बाया हसल्या, हेळवी हसला, आणि सर तर सगळ्यांत जास्ती, मांडीवर थाप मारून. उत्तर बिनतोड होतं, आणि सरांना बिनतोड उत्तर आवडायचं, मग ते विरुद्ध का असेना. पण त्या हसण्यानं पाळण्यातलं लेकरू दचकलं आणि जे रडायला लागलं ते थांबेना. आईनं घेतलं, आजीनं घेतलं, गौरीनं खुळखुळा वाजवला, मी जीभ काढून दाखवली. काही नाही. लेकरू निळं व्हायला आलं. अप्पा उठून त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायला लागले. फिरता फिरता लेकराचं तोंड सरांकडं झालं.

सर पाटावर तसेच बसलेले. चेहरा गंभीर. आणि कान हलले.

लेकरू गप्प. एक हुंदका अर्धा राहिला, तो राहिलाच. सर कान हलवत होते, लेकरू बघत होतं, आणि त्या लेकराच्या पाठीवर हात ठेवून अप्पाही बघत होते. इतकी वर्षं बघितले असतील त्यांनी ते कान, पण त्या दिवशी नीट बघितले.

बऱ्याच वेळानं अप्पांनी विचारलं, "स्वामी, हे जमतं कसं तुमाला?"

सरांनी कान थांबवले. "ते धड्यात हाय, अप्पा."

कोपऱ्यात गौरीनं तोंडावर हात दाबला. अप्पांनी लेकराकडं बघितलं, नातीकडं बघितलं, हेळव्याकडं बघितलं. हेळवी पान चघळत होता, त्याला काही घाई नव्हती. मग अप्पांनी लेकरू सरांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "पुढच्या सोमवारी या. लिंग बांधायचंय. कान घेऊन या."

"अन् धडा?"

"माकड खडूनं काढा," अप्पा म्हणाले. "तेवढं बघा."

दुसऱ्या दिवशी अप्पांच्या दुकानातून पांढरं कापड रहीमभाईंकडं गेलं. दोन खिसे, आणि दोन्हींत नेहमीपेक्षा जास्ती अंतर. रहीमभाई म्हणाले, इतक्या लांब खिशांचा शर्ट मी आजवर शिवला नव्हता, मधून एसटी जाईल. सोमवारी सरांनी तोच घातला आणि आपण वळलेला दोरा घेऊन गेले. त्याच आठवड्यात राहिलेला धडाही पुरा केला.

कानांचं मला गौरीनं सांगितलं, आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून, मी दहावी न करताच. माकडाला म्हणे आवाज येईल तिकडं कान फिरवावे लागतात, त्याचा स्नायू आपल्यातही राहून गेलाय, पण बहुतेक लोकांना तो चालवता येत नाही. एखाद्याला येतो. म्हणजे सरांना काही जास्तीचं मिळालं नव्हतं. आपण सगळे जे विसरलो ते त्यांना आठवत होतं, एवढंच. मी त्या रात्री आरशासमोर उभी राहून लई जोर लावला. भुवया हलल्या. अप्पांचंही तेच झालं असणार, कारण त्यांच्या दुकानात साडी बघायला गेलेल्या बाया सांगायच्या की अप्पा आरशाकडं बघून भुवया उडवून राहिलेत, तब्येत बरी नाही वाटतं.

पुढं सर रिटायर होऊन देगलूरला गेले. तरी अप्पांच्या घरचं काही असलं की गाडी तिकडं जायची. दोघं एकमेकांना सोडायचे नाहीत. अप्पा म्हणायचे, या चुलतभाऊ. सर म्हणायचे, आलाव मीठवाले.

गेल्या उन्हाळ्यात देगलूरहून फोन आला. आम्ही जीप करून गेलो. अप्पांना आता काठी लागते, सून नको म्हणत होती, तरी पुढच्या सीटवर जाऊन बसले.

सरांना बसवलं होतं. आमच्या रिवाजाप्रमाणं, मांडी घालून, फुलांच्या विमानात, म्हणजे बसवून न्यायच्या पालखीत. कपाळभर विभूती, सुपासारखे कान तसेच पुढं आलेले, गळ्यात हार, डाव्या हातावर लिंग. अंगात लांब खिशांचा तो पांढरा शर्ट, मुलानं मुद्दाम घातलेला. मला ते पंगतीत वाढायची वाट बघणारं आठवलं आणि मी पदर तोंडाशी नेला. या वेळेस हुंदकाच होता, पण दोन्ही सारखंच दिसतं. खड्ड्यापाशी नेलं, खाली बसवलं, बेल वाहिला, मंत्र झाले. ऊन चढत होतं. तिथले लोक म्हणायला लागले, चला, माती लोटा, उरका.

अप्पांनी काठी आडवी धरली.

"थांबा की," ते म्हणाले. "घाई कशाला?"

लोक थांबले. अप्पा कडेला उभं राहून खाली बघत होते, एकटक. देगलूरच्या लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं दर्शन व्हायचंय, होऊ द्या. आम्ही रेणापूरचे सगळे ओळीनं उभे होतो. अप्पा नेमकं कुठं बघून राहिलेत ते मला विचारायची गरज नव्हती. मीबी तिथंच बघत होते.